खोलीवरचा पहिला उन्हाळा : मराठवाड्यातल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यासाठी दिनक्रम, अभ्यास आणि करमणूक

शिमगा सरला की मराठवाड्यातले ऊन बदलते. होळीपर्यंत अंगावर घ्यावेसे वाटणारे कोवळे ऊन पाडव्याच्या सुमारास सकाळी नऊलाच टोचू लागते, आणि एप्रिल लागला की पारा चाळिशीला जाऊन टेकतो. विद्यापीठाच्या परीक्षा नेमक्या याच दिवसांत येतात. गावाकडून छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर किंवा परभणीला शिकायला आलेली मुले-मुली पत्र्याच्या किंवा सर्वांत वरच्या मजल्यावरच्या खोलीत पहिला उन्हाळा काढतात, तेव्हा दिवसभर घामाघूम होऊन अभ्यासही होत नाही आणि मन रमवावे असेही काही घडत नाही, अशी त्यांची तक्रार असते. मीही परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातून शिकायला आलो होतो, आणि आता बरीच वर्षे विद्यार्थ्यांमध्ये वावरतो आहे. माझे मत असे झाले आहे की या दिवसांत दुपार सोडून द्यावी आणि दिवसाची दोन्ही टोके घट्ट धरावीत. पहाट आणि रात्र हाती आली, तर अभ्यास होतो आणि आनंदाच्या गोष्टींनाही वेळ उरतो. हे कसे साधायचे, ते कामांच्या क्रमाने पुढे लिहीत आहे.

सुरुवात खोलीपासून

सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती धग रात्री सोडत राहतो. वरच्या मजल्यावरची खोली त्यामुळे भर दुपारपेक्षा संध्याकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत जास्त तापलेली असते. मार्च संपण्याआधी घरमालकांना विचारून गच्चीवर चुन्याचे दोन हात द्यावेत. निवळीसारखा पातळ चुना टिकत नाही, म्हणून तो दाट कालवावा, त्यात थोडा डिंक मिसळावा आणि गच्ची आधी झाडून घ्यावी. पांढऱ्या पृष्ठभागावरून बरेचसे ऊन परत फिरते आणि खोलीत फरक जाणवतो. बहुतेक घरमालक याला नाही म्हणत नाहीत, कारण फायदा त्यांच्याच घराचा असतो. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून पोते किंवा चटई बांधावी, म्हणजे ऊन काचेपर्यंत पोहोचण्याआधीच अडते.

पुढचे काम कूलरचे. आपल्याकडची हवा कोरडी असल्यामुळे एप्रिल-मेमध्ये कूलर उत्तम काम देतो, मात्र तो लावण्याची रीत अनेकांना ठाऊक नसते. ओल्या गवतातून हवा जाते तेव्हा पाण्याची वाफ होते, त्या वाफेला लागणारी उष्णता हवेतून घेतली जाते आणि हवा गार होते. आत आलेली ओलसर हवा बाहेर पडायला वाट हवी. दार-खिडकी बंद करून कूलर लावला, तर तासाभरात खोली दमट होते, अंग चिकट होते आणि कूलर बिघडला असे वाटू लागते. म्हणून कूलरची पाठ खिडकीबाहेरच्या मोकळ्या हवेकडे ठेवावी आणि समोरच्या बाजूचे दार वा खिडकी चार बोटे उघडी ठेवावी. गवत दरवर्षी बदलावे. बोअरच्या जड पाण्याने त्यावर क्षारांचा पांढरा थर चढतो, मग पाणी एकाच कडेने ओघळते आणि बाकीचे गवत कोरडेच राहते.

एका बाबतीत मी प्रत्येक विद्यार्थ्याला बजावतो. पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी भरताना आधी बटण बंद करावे आणि नंतर प्लगही काढावा. पंपाची वायर ओलाव्याने खराब झालेली असते, पत्र्यात वीज उतरते, आणि ओल्या हाताने, ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला सुटायला अवसर मिळत नाही. दर उन्हाळ्यात आपल्या भागात अशा बातम्या वाचायला मिळतात. तीन पिनांचा प्लग, चालू स्थितीतले अर्थिंग आणि पायात रबरी चप्पल या तिन्ही गोष्टी असल्याशिवाय कूलर सुरू करू नये. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून आतल्या कडा घासून पुसाव्यात, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि ती अंडी कडांना चिकटून राहतात. नुसते पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत.

पाणी आणि माठ

मराठवाड्यात पाण्याचे नियोजन हा दिनक्रमाचा पायाच आहे. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे तिथे शिकलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. संभाजीनगरला जायकवाडीतून पाणी येते, तरी अनेक वसाहतींत नळ रोज येत नाही. खोली घेताना भाड्याच्या आधी नळाचा दिवस विचारावा, आणि तो दिवस ठरलेला असेल तर पाणी भरण्याची पाळी खोलीतल्या मुलांनी आपसांत लेखी वाटून घ्यावी. खोलीतली निम्मी भांडणे या पाळीवरून होतात, म्हणून लेखी म्हणतो.

पिण्याच्या पाण्यासाठी माठ घ्यावा. नवा माठ एक दिवस पूर्ण पाण्यात बुडवून ठेवावा, पहिली दोन-तीन भरणी फेकून न देता धुण्या-पुसण्याला वापरावीत, आणि चौथ्या भरणीपासून पाणी प्यावे. माठ आतून साबणाने कधीही धुऊ नये, कारण साबण छिद्रांत बसतो आणि वासही जात नाही. नारळाच्या काथ्याने घासणे पुरेसे असते. बाहेरून पाझरलेले पाणी वाऱ्याने सुकते म्हणून माठ गार राहतो, तेव्हा तो कोपऱ्यात न ठेवता खिडकीच्या झुळकेत, तिवईवर ठेवावा आणि भोवती ओले सुती फडके गुंडाळावे. रात्री भरलेला माठ सकाळी खरा गार असतो. जुना माठ गार करेनासा झाला, की समजावे त्याची छिद्रे क्षारांनी बुजली. पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे, पेला आत बुडवू नये. चार जणांच्या खोलीत ही शिस्त पाळली नाही तर पोट बिघडते आणि ऐन परीक्षेत दोन दिवस वाया जातात.

दिवसाची मांडणी

एप्रिलच्या मध्याला संभाजीनगरात सूर्य सव्वासहाच्या आत उगवतो, साडेबाराच्या सुमारास माथ्यावर येतो आणि पावणेसातला मावळतो. सर्वांत जास्त तापमान मात्र बाराला नसते, ते तीन-चारच्या दरम्यान असते. बारा टळले म्हणजे ऊन उतरले, असे समजून अनेक जण दोनला बाहेर पडतात आणि फसतात. त्यामुळे दिनक्रम असा ठेवावा : पहाटे साडेचारला उठावे आणि सातपर्यंत सर्वांत अवघड विषयाचा अभ्यास करावा. सात ते अकरा महाविद्यालय, ग्रंथालय, झेरॉक्स, बँक अशी बाहेरची सगळी कामे उरकावीत. बारा ते साडेचार घरात किंवा अभ्यासिकेत थांबावे. जेवणानंतर तासभर झोपावे, त्यात आळस मानू नये. पहाटे उठणाऱ्याला ती झोप लागतेच. उरलेल्या दुपारी लिहिण्याचा सराव, आकृत्या, जुन्या प्रश्नपत्रिका अशी हाताची कामे घ्यावीत, कारण त्या वेळी नवे काही डोक्यात शिरत नाही. साडेपाचनंतर मोकळे व्हावे आणि रात्री नऊ ते अकरा उजळणी करावी.

दुपारी वर्गात किंवा अभ्यासिकेत जायचेच असेल तर डोक्याला आणि कानांना उपरणे किंवा स्कार्फ बांधून जावे. जुनी माणसे कांदा खिशात ठेवतात. कांद्याने ऊन अडते असे मी म्हणणार नाही, परंतु त्यामागचा इशारा खरा आहे : उन्हात निघताना तयारीने निघावे.

गावाकडून येणारा डबा

आपल्याकडे अजूनही अनेक मुलांचा डबा एसटीने येतो. पहाटेच्या गाडीत आई किंवा वडील कंडक्टरच्या हाती पिशवी देतात, पिशवीवर रंगीत दोऱ्याने ओळख बांधलेली असते, आणि मुलगा बसस्थानकावर त्या गाडीची वाट पाहत उभा असतो. माझ्या आईने पिशवीला जुन्या लुगड्याचा हिरवा काठ बांधलेला असे; फलाटावर गाडी लागण्याआधीच मला तो खिडकीतून दिसायचा. उन्हाळ्यात या डब्यात काय पाठवायचे ते घरी आधी सांगून ठेवावे. रसाची भाजी, वरण, दह्यात मळलेले धपाटे तीन-चार तासांच्या तापलेल्या प्रवासात आंबतात. ज्वारीची कडक भाकरी, दुधात मळलेल्या दशम्या, शेंगदाण्याची, कारळाची किंवा जवसाची चटणी आणि येसराची पुडी पाठवायला सांगावी. येसर पाण्यात कालवून उकळला की दहा मिनिटांत आमटी तयार होते. डबा घट्ट बांधण्याआधी भाकरी पूर्ण निववावी. वाफ आत कोंडली की दुसऱ्या दिवशी बुरशी धरते.

मेसवर जेवणाऱ्यांनी दुपारी ताक मागून घ्यावे आणि रात्री पोट थोडे रिकामे ठेवावे. टरबूज, खरबूज, जालन्याची मोसंबी ही फळे या दिवसांत परवडतात. टरबूज कापून ठेवलेले घेऊ नये, चौघांनी मिळून अख्खे घ्यावे. रसवंतीवर बसणे ही उन्हाळ्यातली सर्वांत स्वस्त मौज आहे. चरकाला बांधलेल्या घुंगरांचा आवाज ऐकत, आले-लिंबू घातलेला रस बिनबर्फाचा मागावा, कारण बर्फ कोणत्या पाण्याचा आहे ते आपल्याला कळत नाही.

पहाटेच्या गोष्टी

क्रिकेट खेळायचे तर साडेपाचला मैदानावर हजर राहावे आणि आठला स्टंप उपटावेत. रात्रीचे सामने मोबाइलवर पाहण्यात बहुतेकांचा वेळ जातो. त्यावर माझे इतकेच सांगणे आहे की पूर्ण सामना पाहायचा दिवस आठवड्यातून एक ठरवावा, नाहीतर पहाट हातची जाते.

पहाटेची खरी सहल वेरूळची. संभाजीनगर शहरापासून ते सुमारे ३० किलोमीटरवर आहे आणि कन्नडकडे जाणाऱ्या एसटी तिथूनच जातात. मुलींना एसटीत अर्धे तिकीट पडते. ही सवलत १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना आहे. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, हे आधी लक्षात ठेवावे. उन्हाळ्यात तिथे सकाळीच का जावे, याचे कारण लेण्यांच्या रचनेत आहे : ती पश्चिमाभिमुख आहेत. सकाळी डोंगर मागून सूर्य अडवतो आणि दर्शनी भाग सावलीत राहतो, दुपारनंतर मात्र ऊन सरळ आत शिरते आणि दगड तापतो. सहाची गाडी धरून सातच्या आसपास पोहोचावे. आधी सोळा क्रमांकाचे कैलास लेणे पाहावे, कारण गर्दी त्याचीच होते. हे लेणे वरून खाली कोरत आणलेले आहे, बांधलेले नाही. ते नीट कळावे म्हणून आतून फिरून झाल्यावर बाजूच्या टेकडीवर चढावे आणि कड्यावरून खाली पाहावे. शिखर डोळ्यांसमोर येते, डोंगराच्या मधोमध कापलेला चौक दिसतो आणि पहिला घाव कुठे पडला असेल ते उमगते. त्यानंतर दहा क्रमांकाच्या चैत्यगृहात शांत बसावे. एकूण ३४ लेणी आहेत आणि ती एका सकाळी धावत पाहण्यात अर्थ नाही. पाच-सहा नीट पाहून साडेदहाला परतीची गाडी धरावी. राहिलेली पुढच्या खेपेला पाहता येतात. आपल्यासाठी ती तीस किलोमीटरवरच आहेत.

वेरूळला जायला वेळ नसेल त्यांनी विद्यापीठाच्या मागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी किंवा गोगाबाबा टेकडी पहाटे चढावी. दोन तासांत परत येता येते.

१४ एप्रिल

हा दिवस संभाजीनगरात शिकणाऱ्याने खोलीत बसून काढू नये. नागसेनवनात बाबासाहेबांनी १९५० मध्ये महाविद्यालय सुरू केले आणि मराठवाड्यातल्या कित्येक घरांतली शिकणारी पहिली पिढी तिथून बाहेर पडली. आधीच्या दिवसांत अनेक महाविद्यालयांत आणि वसतिगृहांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. त्यात नाव द्यावे. परीक्षा तोंडावर असताना इतक्या मुलांच्या सोबतीने बसून होणारा अभ्यास एकट्याने होत नाही. त्यासाठी आदल्या रात्री पूर्ण झोप घ्यावी, दर दोन तासांनी विषय बदलावा, जेवण हलके ठेवावे आणि संध्याकाळचे सुस्तीचे तास लिखाणासाठी राखावेत. जयंतीच्या दिवशी पुस्तकांची दुकाने रस्त्यावर लागतात, त्यासाठी शे-दोनशे रुपये महिनाभर आधीपासून बाजूला टाकावेत.

रात्र

गच्चीवर झोपायला अकराच्या आधी जाऊ नये, तोवर स्लॅब तापलेलाच असतो. जाड गादीपेक्षा चटई आणि सुती चादर बरी, आणि मच्छरदाणी बांधायला चार काठ्या हव्यात. कठड्यापासून दूर अंथरूण टाकावे.

झोप येईपर्यंत आकाश वाचायला शिकावे. त्याला काही खर्च नाही आणि या दिवसांत आपले आकाश निरभ्र असते. एप्रिलमध्ये रात्री अकराच्या सुमारास उत्तरेकडे तोंड केले की उंचावर सप्तर्षी दिसतात. आमच्याकडे त्यांतल्या चार ताऱ्यांना खाटले म्हणतात आणि मागच्या तिघांना ते पळवणारे चोर. या तीन चोरांची वाकडी रेघ तशीच पुढे वळवत नेली की केशरी रंगाची ठळक स्वाती सापडते, आणि तोच बाक आणखी पुढे नेला की पांढरी चित्रा. चैत्राच्या पौर्णिमेला चंद्र या चित्रेच्या जवळ असतो, त्यावरूनच महिन्याला चैत्र नाव पडले. एकदा हे ओळखता आले की पंचांगातली नक्षत्रांची नावे नुसती नावे राहत नाहीत.

याच चांदण्यात भद्रा मारुतीची पायी वारी होते. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून हजारो माणसे खुलताबादला चालत निघतात, त्यांत महाविद्यालयातली मुले-मुली मोठ्या संख्येने असतात. तिथला मारुती निद्रिस्त, आडवा आहे. अंतर साधारण २५ किलोमीटर पडते आणि सहा-सात तास लागतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने पुढील तयारी करावी. बूट रोजच्या वापरातलेच घालावेत, नव्या बुटांनी फोड येतात. आठवडाभर आधी रोज संध्याकाळी पाच-सहा किलोमीटर चालून पाहावे. रात्री नऊच्या सुमारास निघावे, पाच-सहा जणांचा गट धरावा आणि मागे राहणाऱ्यासाठी कोण थांबणार ते निघतानाच ठरवावे. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे आणि अंगात पांढरा सदरा घालावा. वाटेत लोक पाणी, चहा, केळी वाटतात, तरी स्वतःची लिटरभर पाण्याची बाटली असावी. दौलताबादचा किल्ला चांदण्यात उजळलेला दिसतो, तिथवर सगळेच जोमात असतात. खरा कस त्यापुढच्या घाटात लागतो. तिथे बोलणे थांबवून सावकाश, लहान पावले टाकावीत. दर्शन झाल्यावर उन्हाच्या आत गाडीने परतावे. दुसऱ्या दिवशी पेपर असेल तर मात्र जाऊ नये, कारण पाय नि डोळे दोन्ही दिवसभर साथ देत नाहीत. मारुती पुढच्या वर्षीही तिथेच आहे.

ऊन लागले तर

दुसऱ्या वर्षाला असताना एका अर्जाची शेवटची तारीख गाठायला मी दुपारी दीडला सायकल काढली. अर्ध्या वाटेत घाम येणे थांबले, कानांत आवाज येऊ लागले आणि समोरचा रस्ता पांढरा दिसायला लागला. एका टपरीवाल्या काकांनी मला सावलीत बसवून डोक्यावर घागरभर पाणी ओतले, म्हणून निभावले. त्यांनी केले तेच बरोबर होते. डोके दुखणे, मळमळ, पायांत गोळे येणे इथपर्यंत असेल तर सावलीत आडवे व्हावे आणि एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट प्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजल्यासारखे तापले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. तोंडात पाणी घालू नये, १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालत राहावे.

परीक्षा संपल्यावर

शेवटचा पेपर झाला की गावी जाण्याची घाई होते. गावातली मौज वेगळी असते : आमराईतला पाडाचा आंबा, अढीत हात घालून मऊ लागलेला शोधणे, आणि पहाटे चारला आई-काकूंबरोबर उठून कुरडया घालायला बसणे. साचा दाबायला तरुण हात लागतात, आणि त्याच्या मोबदल्यात गरम चीक दूध-गूळ घालून मिळतो.

विहिरीवर पोहायला जाताना मात्र जपावे. शहरात वर्षभर राहिलेल्या मुलाचा दम कमी झालेला असतो आणि उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली गेलेले असते. गेल्या वर्षी जिथून उडी मारली तिथे या वर्षी खडक वर आलेला असू शकतो. पहिल्या दिवशी पायऱ्यांनी उतरून खोली पाहावी, मोटरचा स्टार्टर बंद असल्याची खात्री करावी, एकट्याने जाऊ नये, आणि शिकणाऱ्याच्या पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधूनच त्याला पाण्यात सोडावे.

खोलीला कुलूप लावण्याआधी अर्धा तास राखून ठेवावा. कूलरची टाकी रिकामी करून कोरडी पुसावी आणि प्लग काढून वायर गुंडाळावी. माठ धुऊन पालथा घालावा. ड्रम व बादल्या रिकाम्या कराव्यात, उरलेले पाणी दारातल्या झाडाला ओतावे. गच्चीवर पाखरांसाठी ठेवलेले पाण्याचे परळ शेजारच्यांकडे सोपवावे आणि नळाच्या दिवशी ते भरायला सांगावे.